प्रवासात भेटणारा परका माणूस आणि आपली ख्रिस्ती जबाबदारी

निर्मळची_वाट | शुक्रवार, रात्री १०:२०

जय ख्रिस्त मंडळी.

आमच्या वसईच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात गेल्या रविवारी दयाळू शोमरोन्याचा दाखला होता, लूक अध्याय १०. वर्ग नेहमीसारखा चालला होता. तेवढ्यात पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, आई सांगते ट्रेनमध्ये अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, काही दिलं तर घ्यायचं नाही. तुम्ही सांगता अनोळखी माणसाला मदत करायची. मग नक्की कुणाचं ऐकायचं?"

तिला वर्गात थोडक्यात उत्तर दिलं, पण प्रश्न काही डोक्यातून जात नाही. रोज वसई-चर्चगेट करणाऱ्या कुणालाही तो लागू पडतो. म्हणून हा धागा काढतेय.

आधी दाखल्याबद्दल माझं म्हणणं मांडते. येशूने सांगितलेली गोष्ट थोडक्यात अशी: यरुशलेमहून यरीहोला निघालेल्या माणसाला लुटारूंनी अर्धमेला करून टाकलं. एक यहुदी याजक आणि एक लेवी (मंदिराचा सेवक) बघून पुढे गेले, आणि यहुद्यांना परका, नकोसा वाटणारा एक शोमरोनी मात्र थांबला. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली. मधली वाट २५-२७ किलोमीटरची, सगळी उतरण, दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर आणि घळी. दबा धरून बसणाऱ्याला यापेक्षा सोयीची जागा नाही. येशूचं ऐकणाऱ्यांना त्या वाटेची भीती चांगली ठाऊक होती. म्हणजे मदतीला थांबणाऱ्याच्याही जिवाला धोका होताच, हे दाखल्यात धरूनच चाललेलं आहे.

याजकाची बाजू घेताना एक कारण नेहमी सांगतात: प्रेताला हात लागला तर विटाळ होईल आणि मंदिरातली सेवा हुकेल. पण येशूने तो याजक यरुशलेमहून खाली उतरत असल्याचं सांगितलंय. सेवा आटोपून घरी निघालेला माणूस होता तो. हुकण्यासारखं काही नव्हतंच.

आता शोमरोनी पाहा. तोही कामाला निघालेला वाटसरू. जवळ तेल आहे, द्राक्षारस आहे, एक जनावर आहे, थोडे पैसे आहेत. तो जखमा बांधतो, माणसाला आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो आणि रात्रभर तिथेच राहून त्याचं बघतो. दुसऱ्या दिवशी उतारशाळेवाल्याच्या हातात दोन दिनार ठेवतो. एक दिनार म्हणजे त्या काळी मजुराची दिवसाची मजुरी. जास्त लागले तर परत येताना देईन म्हणतो आणि पुढच्या वाटेला लागतो.

मला हे "पुढच्या वाटेला लागतो" फार महत्त्वाचं वाटतं. त्याने स्वतःचं काम कायमचं टाकलं नाही आणि जखमी माणसाला अर्ध्यावरही टाकलं नाही. जे हाताशी होतं ते दिलं आणि विश्वासाच्या हातात सोपवेपर्यंत सोडलं नाही. प्रवासात भेटलेल्या माणसाशी आपण एवढं तरी बांधील आहोत, असं माझं मत आहे. आयुष्यभराचा भार घ्यायला कुणी सांगत नाहीये, पण पुढचा हात मिळेपर्यंत थांबायला हवं.

अजून एक. आदल्याच अध्यायात, लूक ९ मध्ये, शोमरोन्यांच्या एका गावाने येशूला मुक्कामाला जागा नाकारली आहे, तो यरुशलेमला निघालाय म्हणून. त्याचे शिष्य याकोब आणि योहान इतके चिडले की आकाशातून अग्नी पाडायची भाषा करू लागले. येशूने उलट त्यांनाच दटावलं. आणि लगेच पुढच्या अध्यायात दाखल्यासाठी माणूस निवडला तो त्याच लोकांमधला. ज्यांनी दार लावलं त्यांच्याबद्दल मनात किंतु न ठेवता. हे वाचलं की मला दरवेळी गलबलून येतं.

तुम्ही काय करता, काय पाहिलंय, कुठे अडता, ते मोकळेपणाने लिहा. भीती, वेळ आणि पैसा या तीन गोष्टींवर खास ऐकायचंय.

गोदाकाठ | शनिवार, सकाळी ७:०५

ताई, धागा आवडला.

मी नगर जिल्ह्यातला. आमच्याकडे सप्टेंबरात श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला मतमाउलीची (मरियामातेची) यात्रा भरते. लांबलांबची माणसं पायी येतात, मराठवाड्यातूनही. मी लहानपणापासून आईबरोबर चालत गेलोय. वाटेतल्या गावांत आमच्या ओळखीचं कुणी नसायचं. तरी दारातून हाक यायची, "माउली, चहा घेऊन जा." पुष्कळ घरांच्या तुळशीवृंदावनाशेजारी बसून आम्ही भाकरी खाल्ली आहे. एकदा पाऊस लागला तेव्हा एका मशिदीच्या ओट्यावर सगळ्यांना जागा मिळाली, वर सतरंज्याही आल्या.

म्हणून मला वाटतं, आपण ख्रिस्ती लोक या विषयावर बोलताना स्वतःला कायम शोमरोन्याच्या जागी बसवतो. वाटेवर पडलेला माणूस आपणही असतो. योहान ४ मध्ये येशू स्वतः प्रवासाने थकून याकोबाच्या विहिरीवर बसलाय. भर दुपार, जवळ पोहरा नाही. तो शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. यहुदी शोमरोन्यांच्या भांड्यालाही शिवत नसत, हे त्या बाईलाच आठवण करून द्यावं लागतं. देवाचा पुत्र परक्या बाईच्या ओंजळीवर अवलंबून राहिला. आपल्याला मात्र घ्यायची लाज वाटते. "नको नको, आमचं आहे सगळं" म्हणून आपण पुढे जातो आणि देणाऱ्याचं मन मोडतो.

यात्रेच्या वाटेवरची माणसं मला आजही ओळखत नाहीत. पण आषाढात वारकरी आमच्या भागातून निघतात तेव्हा आमच्या चर्चचा तरुण संघ पाणी आणि पायाला लावायला तेल घेऊन उभा असतो. कुणाच्या कपाळावर काय आहे ते बघत नाही आम्ही.

लालपरी_निवृत्त | शनिवार, सकाळी ९:३०

मी मराठवाड्यातल्या एका आगारात वाहक होतो. आता निवृत्त. पाळकसाहेबांसारखं बोलता येत नाही, पाहिलेलं सांगतो.

रात्रीची शेवटची गाडी. फाट्यावर एक म्हातारी उतरायची, लेकीकडून परत येताना. डोक्यावर बोचकं, हातात पिशवी. फाट्यापासून वस्ती आत, मधे अंधार गुडूप. आमचे चालक, बौद्ध होते, फार देवमाणूस, ते गाडी जराशी तिरपी लावायचे आणि हेडलाइट वस्तीच्या पायवाटेवर सोडायचे. म्हातारी उजेडात चालत जायची. बाभळीपाशी पोहोचली की वळून हात करायची. मग मी डबल बेल मारायचो. पाठीमागून कुणीतरी ओरडायचं, "मास्तर, चला की, घरी लेकरं वाट बघतात." मी म्हणायचो, तिचीही कुणीतरी बघतंय, थांबा थोडं. ओरडणारा मग गप्प बसायचा. पुढे पुढे तर प्रवासीच खिडकीतून बघून सांगायला लागले, "पोहोचली, मारा बेल."

पैशाबद्दल विचारलंय म्हणून सांगतो. नोकरीला लागलो तेव्हा पहिल्यांदा कुणी रडत पैसे नाहीत म्हणालं की वाटायचं, बसू द्यावं तसंच. आमचे जुने वाहक मला म्हणाले, गाडी महामंडळाची आहे, तुझी नाही. विनातिकीट माणूस बसवलास तर ती दया तुझ्या पदरची नाही, दुसऱ्याच्या खिशातली आहे. द्यायचं असेल तर तिकीट फाड आणि पैसे तू भर. तेव्हापासून मी तसंच केलं. वेबिलात हिशोब चोख, तपासणी पथक आलं तरी मान वर. शोमरोन्याने पण दिनार स्वतःच्या कनवटीचेच काढले होते, उतारशाळेवाल्याला नुसतं "ठेवून घे रे बाबा" म्हटलं नव्हतं.

आता महिलांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत, त्यामुळे असे प्रसंग कमी येत असतील. पण अंधारातला फाटा अजून तसाच आहे.

लेडीज_डबा | शनिवार, दुपारी २:१५

सगळ्यांचे अनुभव मनापासून वाचले. तरीही मला त्या मुलीच्या आईची बाजू मांडायचीय, कारण इथे ती कुणी मांडलेली नाही.

मी कामासाठी एकटीने लांबचा रेल्वेप्रवास करते. बिस्किटातून, चहातून गुंगीचं औषध देऊन लुटलेली माणसं मी स्टेशनवर पाहिली आहेत. "बहनजी, जरा सामान बघा" म्हणून सोडलेल्या पिशवीवरून डब्यात झालेला गोंधळ पाहिलाय. एकट्या बाईने हसून दोन शब्द बोलले की त्याचा भलताच अर्थ काढणारे पाहिलेत. शोमरोनी पुरुष होता, त्याच्याकडे जनावर होतं, खिशात पैसे होते, उतारशाळेत त्याच्या शब्दाला किंमत होती. त्याच्या जागी एखादी बाई त्या घळीत एकटी असती, तर "थांबली नाहीस" म्हणून तिला मी दोष दिला नसता. देवही देणार नाही, असा माझा विश्वास आहे.

दुसरं, जरा कडू बोलते. आपल्यातले काही जण आजारी सहप्रवाशाला पाणी देतात आणि पाठोपाठ हातात धर्मप्रचाराचं पत्रक ठेवतात. त्या क्षणी पाण्याला किंमत लागते. घेणारा मनात म्हणतो, अच्छा, म्हणून होतं होय हे. आणि पुढच्या वेळी खऱ्या मायेने पुढे आलेल्या हाताकडेही तो संशयाने बघतो. शोमरोन्याने जखमीला तुझं मंदिर कोणतं, शोमरोन्यांचा गरिज्जीम डोंगर की यहुद्यांचं यरुशलेम, असं विचारल्याचं दाखल्यात कुठेही नाही.

केडगाव_लाइन | शनिवार, दुपारी ४:४०

लेडीज_डबा ताई, पहिल्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. दुसऱ्यावर थोडं लिहावंसं वाटतं.

आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासातली सगळ्यांत मोठी भेट रेल्वेच्या डब्यातच झाली आहे. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, नोकरीच्या शोधात. डब्यात एक गोरा प्रवासी होता. त्या काळी गोऱ्या साहेबाच्या डब्यात नेटिव्ह शिरला तर काय वागणूक मिळायची ते सांगायला नको. हा माणूस सौजन्याने वागला, बरोबरीच्या नात्याने बोलला. गप्पा रंगल्या. उतरण्याआधी त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. डोंगरावरच्या प्रवचनापाशी टिळक अडकले ते अडकलेच, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

म्हणजे पुस्तक देणंच वाईट, असं मला म्हणता येत नाही. पण तिथे कुणी पडलेलं नव्हतं, कुणी कुणावर अवलंबून नव्हतं. दोन धडधाकट माणसं बरोबरीने बोलत होती. टिळक ते पुस्तक खिडकीतून फेकूनही देऊ शकले असते. जखमी, भुकेला, ताप आलेला माणूस नाही म्हणायच्या स्थितीत नसतो. त्याच्या हातात काही ठेवणं हा त्याच्या अगतिकतेचा फायदा घेणं आहे. माझ्यापुरती रेघ मी तिथे ओढतो.

आणि पंडिता रमाबाईंचं एक. त्यांचे आईवडील तीर्थयात्रेतल्या भटकंतीत, दुष्काळात उपासमारीने गेले. मग त्या आणि भाऊ पायी देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. त्या प्रवासात परक्यांच्या दारातल्या मुठभर धान्यावर दिवस काढणं म्हणजे काय, ते त्यांनी सोसलं होतं. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना बरोबर घेऊन आल्या. केडगावला त्यांचं जे मुक्ती मिशन उभं राहिलं ते पुणे-दौंड लाइनवर आजही आहे. "तुम्हीही मिसर देशात परके होता" हे बायबलच्या निर्गम पुस्तकातलं वाक्य मी वाचतो तेव्हा मला रमाबाईच दिसतात.

लेडीज_डबा | शनिवार, सायं. ५:२०

केडगाव दादा, टिळकांचा प्रसंग छान सांगितलात. पण त्या डब्यातल्या भेटीची दुसरी बाजूही आठवू या. घरी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या. त्यांना काहीही न विचारता, न सांगता त्यांचं जग बदललं, आणि त्यांनी कित्येक वर्षं ताटातुटीत काढली. पुढे १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण तो स्वतःच्या पायांनी चालत जाऊन, स्वतःच्या वेळेला. प्रवासात आपण ज्याच्याशी बोलतो त्याच्यामागे एक अख्खं घर असतं, आपल्याला न दिसणारं. एवढं भान हवं.

केडगाव_लाइन | शनिवार, सायं. ५:३५

मान्य. अगदी मान्य.

अपघात_विभाग | शनिवार, रात्री ११:५०

ड्यूटीवरून आत्ताच आले. जागी आहे तोवर लिहून टाकते. मी परिचारिका आहे, महामार्गाजवळच्या एका रुग्णालयात.

निर्मळची_वाट ताईंनी लिहिलेलं "विश्वासाच्या हातात सोपवेपर्यंत" मी रोज दुसऱ्या टोकाने बघते. मी उतारशाळेवाली. रात्री दोन वाजता कुणी टेम्पोवाला रक्ताने माखलेला माणूस घेऊन येतो, स्ट्रेचरवर ठेवतो आणि घाबरून पळ काढायला बघतो. त्याला वाटतं पोलीस धरतील, कोर्टात खेटे घालावे लागतील. ही भीती आता काढून टाका. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. सद्भावनेने जखमीला मदत केली आणि दुर्दैवाने तो दगावला, तरी तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव, पत्ता, फोन द्यायची सक्ती नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे तुमच्या मर्जीवर. रुग्णालय तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही, पैसे भरा म्हणू शकत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात पोहोचवणाऱ्यासाठी केंद्र सरकारची राहवीर योजनाही आहे, २०२५ पासून त्यात २५,००० रुपये मिळतात. पैशासाठी कुणी थांबत नाही हे मला माहीत आहे. पण सरकार तुमच्या पाठीशी उभं आहे एवढं त्यातून कळतं.

आता कळकळीने सांगायचं ते. शोमरोन्याने जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला. त्या काळातलं तेच औषध, द्राक्षारसाने जखम धुवायची आणि तेलाने दाह शमवायचा. त्याचं अनुकरण म्हणून तुम्ही जखमेवर काहीही ओतू नका. हळद नको, चहापूड नको, पेट्रोल तर नकोच नको (हो, लोक टाकतात). स्वच्छ कापड घ्या, घडी करा, रक्त येतंय तिथे दाबून धरा, आणि सारखं उचलून बघू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुफ्फुसात जातं. आपल्याकडे माणूस पडला की पहिली धाव पाण्याच्या बाटलीकडे जाते, मायेनेच जाते, पण त्याने जीव गेलेले मी पाहिलेत. मानेला मार असेल तर हात-पाय धरून ओढत रिक्षात कोंबू नका. जागा सुरक्षित असेल तर १०८ ला फोन करा आणि त्याच्याशी बोलत राहा.

बोलत राहा म्हणते त्याला कारण आहे. स्ट्रेचरवर आलेले पेशंट नंतर बरे झाले की विचारतात, "तो माणूस कोण होता हो, माझा हात धरून बसलेला?" आमच्याकडे नाव नसतं. बायबलमध्ये इब्री १३ मध्ये आहे ना, आतिथ्य करताना कित्येकांनी नकळत देवदूतांचा पाहुणचार केला. मला ते उलटंही खरं वाटतं. पेशंटच्या दृष्टीने देवदूतच येऊन गेलेला असतो.

गोदाकाठ | रविवार, सकाळी ६:१०

सिस्टर, तुमचा प्रतिसाद आमच्या चर्चच्या ग्रुपवर टाकतोय. आज उपासनेनंतर वाचून दाखवणार आहे. पाण्याचं तर मला खरंच ठाऊक नव्हतं.

आल्प्सपायथा | रविवार, दुपारी १:००

नमस्कार. मी मूळचा सोलापूरचा, सध्या दक्षिण जर्मनीत नोकरीला.

उतारशाळेचा विषय निघालाय म्हणून लिहितो. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची खिंड आहे, २,४६९ मीटरवर. तिथे अकराव्या शतकात बर्नार्ड नावाच्या धर्मगुरूने वाटसरूंसाठी आश्रयस्थान उभं केलं. रोमला जाणारे यात्रेकरू त्या खिंडीतून जात. बर्फात वाट चुकून मरत, आणि लुटारूंचाही उपद्रव होता. जवळजवळ हजार वर्षं तिथले संन्यासी वाटसरूंना आसरा देत आलेत. ते प्रसिद्ध मोठे सेंट बर्नार्ड कुत्रे तिथलेच, बर्फात हरवलेल्यांना शोधायला वापरत. मी उन्हाळ्यात चालत गेलो होतो. आत शिरल्यावर कुणी पासपोर्ट, धर्म, कामधंदा असलं काही आधी विचारलं नाही. चहाचा मोठा वाडगा पुढे आला. शेजारी एक नास्तिक पोलिश मुलगा होता, त्यालाही तोच वाडगा.

यामागे जुनी शिस्त आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी नियम लिहिले. त्यातला ५३ वा अध्याय पाहुण्यांवर आहे. येणाऱ्या प्रत्येकाला ख्रिस्त समजून घ्यायचं, कारण न्यायाच्या दिवशी तोच म्हणणार आहे, मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतलंत. त्यात एक बारकावा आहे जो मला फार आवडतो: गरीब आणि यात्रेकरू यांच्याकडे जास्त लक्ष द्या, श्रीमंतांचा आदर त्यांच्या दबदब्यामुळे आपोआप होतोच. विमानतळावर, हॉटेलात, आपल्या घरीसुद्धा कुणाला खुर्ची पटकन मिळते ते आठवून पाहा.

आणि लेडीज_डबा ताईंना एक सांगायचंय. एकट्या माणसाने धोका पत्करणं हा एक मार्ग झाला. मठांनी दुसरा काढला. त्यांनी दयेला कायमची जागा दिली: दार, आचारी, राखणदार, नियम. एकेकट्याच्या हिमतीवर सोडलं नाही. स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रामार्गावरही काही धर्मशाळांत दर लावलेला नसतो. दाराशी पेटी असते, ज्याला जमेल ते त्याने टाकायचं. ज्याच्याकडे काही नाही तोही जेवून झोपतो. सांभाळणारे स्वयंसेवक बहुतेक पूर्वी त्याच वाटेने चालून गेलेले असतात.

पाऊस_२००५ | रविवार, दुपारी ३:२५

फक्त वाचत होतो. वरचं "कायमची जागा" वाचून लिहावंसं वाटलं. २६ जुलै २००५, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस. मी छातीएवढ्या पाण्यातून चालत होतो, कुठे जातोय ते कळत नव्हतं. एका चर्चच्या सभागृहाचा दिवा दिसला. आत शे-दीडशे माणसं. कुणी आजी सगळ्यांना कोरडे कपडे वाटत होती, बहुतेक स्वतःच्या घरातले. मला एक फुलाफुलांचा झगा मिळाला आणि मी तो रात्रभर आनंदाने घातला. मी हिंदू आहे. त्या आजींचं नाव विचारायचं राहिलं.

लेडीज_डबा | रविवार, सायं. ६:४५

आल्प्सपायथा दादा, हे पटलं. रेल्वेत अशी "जागा" आपल्यासाठी आहे, ती वापरायला शिकायला हवं. मी करते ते लिहिते. डब्यात कुणी आजारी असेल तर रेल्वेच्या १३९ हेल्पलाइनवर कळवते आणि टीसीला शोधून आणते. शेजारच्या दोन-तीन बायकांना आधी हाक मारते, म्हणजे एकटी नसते. खायचं दिलं तर मी देते ते फोडलेलं नसतं, स्टॉलवरून समोरासमोर घेऊन देते, घेणाऱ्यालाही भीती नको. फलाटावर एकटं लेकरू दिसलं तर घरी न्यायचं नाही, जेवू घालायला बाहेरही न्यायचं नाही. आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) किंवा १०९८ ही मुलांची हेल्पलाइन, आणि ते येईपर्यंत तिथेच शेजारी बसून राहायचं. गाडी सुटली तरी. ही एवढी एक गोष्ट मी स्वतःशी ठरवून टाकली आहे.

निर्मळची_वाट ताई, त्या मुलीला तुम्ही काय सांगितलंत ते लिहिलंच नाहीत.

निर्मळची_वाट | रविवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे खूप आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

गेल्या रविवारी मी तिला "आईचं ऐक, मोठी झालीस की कळेल" इतकंच म्हणाले होते. आज वर्गात पुन्हा विषय काढला. मी सांगितलं की आई बरोबर आहे आणि येशूही बरोबर आहे. तू लहान आहेस, तुझं काम हाक मारण्याचं. कुणी पडलंय, कुणी रडतंय, असं दिसलं तर आपण तिकडे न बघितल्यासारखं करायचं नाही. आईला, पोलीसकाकांना, शेजारच्या मावशीला मोठ्याने सांगायचं. याजक आणि लेवी यांनी त्या माणसाला पाहिलं होतं आणि ते दुसऱ्या बाजूने निघून गेले. तुला दिसलं आणि तू सांगितलंस, तर त्या दोघांपेक्षा जास्त केलंस.

तिने लगेच विचारलं, "आणि आई नाही थांबली तर?" वर्गाच्या मागे पालक उभे होते. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग तिची आईच म्हणाली, "थांबेन."

वर्ग सुटल्यावर पालकांनीच ठरवलं की धर्मग्रामाच्या सभागृहात प्रथमोपचाराचा अर्धा दिवस घ्यायचा. अपघात_विभाग सिस्टर, आमच्या गटातल्या बऱ्याच जणांकडे दुचाकी आहे, महामार्गावरून येणं-जाणं असतं. गाडीत काय ठेवावं याची छोटी यादी द्याल का? आणि लालपरी काका, तुमची म्हातारी आणि हेडलाइट मी आज वर्गात सांगितले. मुलांना दाखल्यापेक्षा ते जास्त लक्षात राहिलं असावं, घरी जाताना डबल बेलचा आवाज काढत होती.

लालपरी_निवृत्त | रविवार, रात्री ९:४०

लेकरांना आशीर्वाद सांगा. आमच्या चालकांना फोन करून सांगितलं, त्यांना भरून आलं.

अपघात_विभाग | सोमवार, पहाटे ५:५५

ताई, यादी लांब नको, नाहीतर कुणी ठेवत नाही. हातमोज्यांच्या दोन जोड्या, निर्जंतुक गॉजची पाकिटं, दोन रुंद क्रेप बँडेज, एक मोठा स्वच्छ सुती पंचा, कात्री, टॉर्च. रात्री रस्त्याच्या कडेला उभं राहायचं तर चमकणारा जाकीट हवाच, आधी तो घालायचा आणि मग गाडीतून उतरायचं. मदतीला थांबलेल्यांनाच मागून ठोकर बसल्याच्या केसेस आमच्याकडे येतात. हेल्मेट घातलेला माणूस श्वास घेत असेल तर हेल्मेट आम्हालाच काढू द्या. गॉजच्या पाकिटावर मुदत असते, ती संपली की बदला.

वसईला मी येऊ शकते, रविवारी सुट्टी मिळाली तर. महिन्याचं वेळापत्रक लागलं की इथेच कळवते.